ताटलीतले दोन दाणे

शहापूरच्या डॉक्टरांनी यांना विचारलं, "काल कोणतं फळ खाल्लंत?" आणि यांनी माझ्याकडे पाहिलं.

प्रश्न काही अवघड नव्हता. काल खाल्लेलं माणसाला आज आठवतं. पण पाठांतर न झालेल्या पोरानं शेजारच्याच्या वहीत डोकवावं तसे हे माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "डाळिंब."

डॉक्टरांनी मान हलवली. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. काल सोमवार होता. घरात एकच डाळिंब उरलं होतं आणि ते मी खाल्लं होतं. महादेवाला दाखवून, पाटावर बसून, एकेक दाणा.

मी तिथेच बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर पदर सारखा करून हळूच म्हणाले, "आमच्याकडे फळाला तोटा नाय, डॉक्टर." आणि ते खोटंही नव्हतं. तोटा नव्हताच.

डॉक्टर रिपोर्ट पुढे-मागे करून बघत होते. रक्तातली चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती. गोळ्या वेळेवर, जेवणात मीठ कमी, पापड-लोणचं बंद, रोज फळ, मग वाढलं कसं, असं त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी गोळी वाढवून दिली आणि पहिल्या वेळी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. फळानं शीर मोकळी होते असं मी म्हणत नाही, गोळी ती गोळीच. पण तिच्या जोडीला पेरू, पपई, डाळिंब, आवळा, मोसमात जे मिळेल ते रोज पोटात गेलं तर हृदयाला बरं. आणि मुख्य म्हणजे चार वाजता भूक लागते तेव्हा हातात फळ असेल तर तळलेलं खाल्लं जात नाही.

"चार वाजता," ते पुन्हा म्हणाले आणि कागदावर तेवढ्याखाली रेघ ओढली.

हे, म्हणजे आमच्या हर्षितचे बाबा, कुंडलिक. किन्हवलीच्या नाक्याजवळ आमची पिठाची गिरणी आहे. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात तांदळाचा डबा उचलताना यांच्या छातीत कळ आली. शहापूरला नेलं, तिथून ठाण्याला. आतल्या खोलीत यांच्या शिरेत जाळी बसवत होते आणि बाहेर बाकड्यावर बसून मी देवाला शब्द दिला. तोवर मी सोमवार आणि एकादशी एवढंच करत होते, तेही साबुदाणा, वरी, राजगिरा खाऊन. त्या दिवशी म्हटलं, देवा, यांना परत दे. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादशा, संकष्टी, प्रदोष, सगळे धरीन, आणि साबुदाण्याचीही चैन नको. फक्त फळांवर राहीन.

देवानं यांना परत दिलं. मी शब्द पाळला. महिन्याचे सतरा-अठरा दिवस होत. एकही चुकला नाही. माहेरी लग्न होतं तेव्हाही मी मांडवात केळं खाऊन बसले होते आणि बायका म्हणत होत्या, कमळचं करणं म्हणजे करणं. मी मान खाली घालून हसले होते. ते हसणंही आता आठवतं.

हर्षित भिवंडीला गोदामात कामाला आहे. तो रविवारी आणि बुधवारी येताना फळांची पिशवी घेऊन येतो. डॉक्टरांनी बाबांना सांगितलेली फळं. पिशवी आली की मी फळं धुऊन परडीत ठेवायची आणि परडी देवापुढे. आमच्या घरात देवापुढच्या परडीला मी सोडून कोणी हात लावत नाही. तो नियम मीच केलेला. सकाळी हे गिरणी उघडायला जायचे तेव्हा माझी पूजा व्हायची असायची. पूजा होऊन नैवेद्य होईपर्यंत हे गिरणीत. दुपारी हे जेवायला यायचे तेव्हा भाकरी-भाजी. संध्याकाळी मी विचारायचे, तुमी फळ घ्या ना थोडं. हे म्हणायचे, खाल्लं गिरणीत, तू घे.

मी विचारायचे, यात खोट नाही. पण विचारताना ताटली माझ्याच मांडीवर असायची.

मागच्या वर्षी एकदा सूनबाई, कुणाली, म्हणाली होती, "आई, ती पपई बाबांसाठी आणली होती." फार हळू म्हणाली होती, आणि मी तिच्याहून हळू म्हणाले, "देवाला दाखवलं बाळा, मग ते सगळ्यांचंच." मी आवाज चढवत नाही. मला चढवावा लागत नाही. कुणाली पुन्हा कधी काही बोलली नाही.

आणि एक गोष्ट आहे, ती मी कोणाला सांगितलेली नव्हती.

दिवाळीनंतरची एकादशी. मी डाळिंब खाऊन ताटली बाजूला ठेवली आणि जपाला बसले. हे बाहेरून आले, पाणी प्याले. त्यांना वाटलं माझे डोळे मिटलेले आहेत. माझे डोळे मिटलेले नव्हते. ताटलीत दोन दाणे चिकटून राहिले होते. यांनी वाकून बोटानं ते उचलले, तोंडात घातले आणि बोट चाटलं. साठीला आलेला माणूस, ज्याच्या गिरणीवर अर्धं गाव दळायला येतं, तो बायकोच्या उष्ट्या ताटलीतले दाणे वेचत होता.

मी पाहिलं. आणि मी डोळे मिटले. माळ पुढे ओढली. त्या दिवशी जप नेहमीपेक्षा जास्त केला.

म्हणून डॉक्टरांसमोर हे "डाळिंब" म्हणाले तेव्हा मला काही नवीन कळलं असं नाही. फक्त, आता ते कागदावर आलं होतं.

शहापूरहून एसटीनं परत आलो. बसमध्ये हे खिडकीशी बसून कापलेल्या भाताची शेतं बघत होते. मी एकदा म्हटलं, डॉक्टरांना असं का सांगितलं? हे म्हणाले, असं म्हणजे कसं? आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. किन्हवलीच्या नाक्यावर उतरलो. हे गिरणी उघडायला गेले आणि मी गुणाबाईपाशी थांबले.

गुणाबाई वरच्या पाड्यावरची. थंडीच्या दिवसांत नाक्यावर गोणपाट टाकून पेरू, आवळे विकायला बसते, तिची नाचणी आमच्याच गिरणीत दळते. मी खाली बसून पेरू निवडायला लागले तशी ती हसली. म्हणाली, वयनी, आज तू कशी? दादाच तं रोज घेऊन जातो. मी म्हटलं, रोज? तर म्हणाली, उपासाच्या दिवशी तं चुकवतच नाय. वीज गेली, गिरणी बंद असली, तरी येऊन घेऊन जातो. बघून बघून घेतो, आत गुलाबी निघंल असा.

ते पेरू मी खाल्ले होते. आत गुलाबी निघालेले. मला वाटायचं, हर्षितच्याच पिशवीतले आहेत; हे गुपचूप त्या पिशवीत टाकत होते.

"मी बोलली त्याला," गुणाबाई म्हणाली, "दादा, एक तरी इथं उभ्यानं खा. तं बोलतो, माझी मालकीण माझ्यासाठी उपाशी ऱ्हाते, मी फळ कसा खाऊ गो?" आणि मग समोरच्या हॉटेलाकडे बोट दाखवून डोळे मिचकावले. "भजी खातो. चाराच्या चहाला ठरलेली. आता मी बोलली म्हणून भांडू नको हां घरी जाऊन. लय गुणाचा हाय बाबा तो."

मी भांडणार नव्हते. मला उठता येईना, एवढंच. गुणाबाईनं हात दिला. तिला वाटलं गुडघे धरले. म्हणाली, उपास कमी कर वयनी, हाडांचा भुगा होईल.

खरं तर मला आठवायला हवं होतं. हा माणूस आधीपासून असाच. लग्न झाल्यापासून माझं उपवासाचं पीठ हे दिवसाचं पहिलं दळण म्हणून दळून द्यायचे. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी आधी गिरणीचे दगड झाडायचे, पीठ पडायची कापडी बाही उलटी करून झटकायचे, जोंधळ्याचा कण माझ्या राजगिऱ्यात जाऊ नये म्हणून. यांना स्वतःला देवाधर्माचं फार नाही. पण माझा उपास यांनीच माझ्याहून जास्त सांभाळला होता. आणि मी समजत होते की मी यांना सांभाळतेय.

बुधवारी मी ठरवलं, काही न मोडता हे नीट करायचं. सकाळी पूजेच्या आधीच दोन पेरू, एक सफरचंद डब्यात घातलं, देवाला हात जोडले, आणि डबा यांच्या हातात दिला. म्हटलं, चार वाजता खा. परडीत भरपूर आहेत, बघा. यांनी परडीकडे पाहिलं, बरं म्हणाले, डबा घेऊन गेले.

संध्याकाळी डबा परत आला. उघडला तर तिन्ही फळं तशीच. पुसून ठेवलेली.

"उद्या गुरुवार हाय," हे म्हणाले. "तुझी पूजा, बायका येणार. लागतील."

"पण परडी भरलेली हाय."

"आज हाय. शनिवारी नसंल."

रागानं नाही, नुसतं सांगितलं. तेव्हा मला कळलं की मी फळावर असेपर्यंत हा माणूस फळाला हात लावणार नाही. परडी छतापर्यंत भरली तरी नाही. इथे फळं कमी पडत नव्हती. माझं व्रत आड येत होतं, जे मी याच्या हृदयासाठी धरलं होतं.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि माळ हातात घेतली, पण नाव तोंडात येईना. मी व्रत मोडलं तर देव कोपेल याची भीती मला वाटायला हवी होती. तशी वाटली नाही. लाज वाटली. देवानंही ते दोन दाणे पाहिले असणार, आणि मग माझी लांब होत गेलेली माळही पाहिली असणार. त्यानं दोन वर्षांत मला काही म्हटलं नाही. माझ्यासारखंच, हळू आवाजात राहिला.

गुरुवार मार्गशीर्षातला शेवटचा. पहाटे न्हाऊन मी घट मांडला. तांब्याला हळदीकुंकवाची बोटं, वर आंब्याचा टहाळा आणि नारळ, पुढे पाच फळं. संध्याकाळी पाच सवाष्णी येणार, त्यांच्या ओटीत एकेक फळ घालून उद्यापन. सगळं रीतसर केलं. मग स्वयंपाकघरात गेले आणि कुणालीला म्हटलं, "माझ्या वाटणीची पण भाकरी टाक."

तिनं वळून पाहिलं. "आई, आज शेवटचा गुरुवार."

"म्हायत हाय." मग म्हटलं, "तू पपईचं बोलली होतीस ते बरोबर होतं."

"कधी?" कुणाली म्हणाली. तिला आठवत होतं. तिनं पीठ मळायला घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ मळत राहिली.

दुपारी हे जेवायला आले. दोन ताटं वाढलेली बघून म्हणाले, कोण येणार हाय? मी त्यांच्या शेजारी बसले. नाचणीची भाकरी, वालाची भाजी. घास मोडला. यांनी माझं मनगट धरलं. चारचौघांत कधी हात न धरलेला माणूस, सुनेच्या देखत.

"काय चाललंय तुझं? गुरुवार हाय."

"सोडा."

"दोन वर्सं केलंस. कशासाठी मोडतेस?"

मला हे हळू बोलून चालणार नव्हतं, आणि मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. आवाज फाटला. "एकादशीला तुमी माझ्या ताटलीतलं डाळिंब खाल्लं. दोन दाणे. मी बघितलं व्हतं. बघून डोळे मिटले मी."

कुणाली तवा तसाच ठेवून परसात निघून गेली.

यांनी हात सोडला. मग म्हणाले, "ते सांडलं व्हतं. वाया जायला नको म्हणून." अन्न टाकू नये असं पोराला सांगावं तसं. यांची मान खाली होती. म्हणजे मी यांना लाजवलं होतं. आधी उपाशी ठेवलं, आणि आता उपाशी असल्याचं बोलून दाखवलं.

मी घास खाल्ला. दोन वर्षांत गुरुवारी भाकरीची चव कळली नव्हती. भाकरी गोड होती, हे सांगायलाच हवं. भूक लागलेली असते माणसाला.

हे मात्र पुरतं जेवले नाहीत. फळाकडे पाहिलंही नाही. "देवाचं मोडलंस, पाप माझ्या डोक्यावर ठेवलंस," एवढं म्हणून चप्पल घालून निघून गेले.

मला वाटलं, संपलं. व्रतही गेलं आणि हेही खाणार नाहीत. दिवसभर घटापुढे बसून राहावं असं वाटत होतं. पण साडेतीनला उठले. घटापुढच्या पाच फळांतला एक पेरू उचलला. गुणाबाईकडचा. पाचाची चार राहिली. पदराखाली पेरू आणि सुरी घेऊन नाक्यावर गेले.

गिरणी चालू होती. पट्ट्याचा आवाज, पिठाची धूळ, यांच्या भुवया पांढऱ्या. बाकावर तीन बायका डबे घेऊन बसलेल्या, त्यातली एक आमच्या आळीतली शकू. संध्याकाळी माझ्याकडे हळदीकुंकवाला येणारी. समोरच्या हॉटेलात कढई चढलेली होती. मी आत जाऊन यांच्यासमोर पेरू धरला. यांनी मान हलवली. गिरणीच्या आवाजात बोलायची गरज नव्हती. मी धरूनच राहिले.

दळण संपलं, पट्टा थांबला, एकदम शांत झालं. शकूला गंमत वाटली. म्हणाली, "वयनी, भावोजींना भरवायला आलात की काय? आणि तुमचा तं आज उपास. तुमीच खा तो, तोंड बघा कसं सुकलंय."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कमळचं करणं म्हणजे करणं. मी खाली बघूनच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माझा उपास नाय. आज जेवले मी."

शकूनं डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. दुसरीनं तिच्याकडे पाहिलं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, घट मांडलेला, आणि घरची बाई जेवलेली. संध्याकाळपर्यंत हे आळीभर होणार होतं. माझे कान तापले. मला वाटलं, असंच जागच्या जागी उभं राहावं, पुढे जाऊ नये, बाहेरही जाऊ नये.

तेवढ्यात यांनी हात पुसले. माझ्या हातातून पेरू घेतला, सुरी घेतली. शकूकडे बघून म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलं तिला, मला भरवायचं तं तू आधी जेव." असं डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते. मंगळवारी दवाखान्यात हे "डाळिंब" म्हणाले तसंच, माझ्यासाठी, तोंडावर काही न दाखवता. मग पेरू मधोमध चिरला. आत गुलाबी निघाला. एक फोड तोंडात घातली आणि बायकांच्या समोर, उभ्यानं, चावायला लागले.

बायकांनी नजरा वळवल्या. शकू म्हणाली, "बरोबर हाय, तब्येत आधी," आणि तिचा डबा पुढे सरकवला.

यांनी उरलेली दुसरी फोड माझ्यापुढे केली. नेहमीसारखी.

आणि माझा हात पुढे गेला. मी नेला नाही, तो आपोआप गेला. दोन वर्षांची सवय. बोटं फोडीला लागेपर्यंत मला कळलंही नाही. यांना कळलं. हे थांबले, चावायचेही थांबले.

मी हात मागे घेतला. तो कुठे ठेवावा कळेना, म्हणून पाठीमागे धरला, दुसऱ्या हातानं घट्ट, लहान मुलीला कोणी ओरडल्यावर ती धरते तसा. आणि हे दुसरी फोड संपवेपर्यंत तशीच उभी राहिले.